काचेतील कंपन आणि मातीतील कंपन : प्रकाशतंतू संवेदकांच्या प्रतिमानीकरणाची चिकित्सा
(चिरनेर परिसराच्या संदर्भात)

१. प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील चिरनेर हे गाव अक्कादेवीच्या डोंगराच्या पायथ्याशी वसले आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी येथे झालेल्या जंगल सत्याग्रहामुळे व त्या दिवशीच्या पोलीस गोळीबारामुळे या गावाचे नाव स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. गेल्या काही दशकांत उरण-पनवेल परिसराचे रूप झपाट्याने पालटले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, उरण येथे तेल व नैसर्गिक वायूचा प्रकल्प उभा राहिला, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू आणि उरणपर्यंतचा लोहमार्ग खुला झाला, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. अशा प्रत्येक प्रकल्पाबरोबर प्रकाशतंतूंच्या केबल जमिनीत जातात. त्या टाकल्या जातात त्या संदेशवहनासाठी. परंतु केसाएवढ्या जाडीचा हा काचेचा तंतू आपल्याभोवतीचा ध्वनी व जमिनीची कंपनेही टिपू शकतो, हे आता प्रयोगांनी सिद्ध झाले आहे.

या क्षमतेच्या आधारे दरडीची पूर्वसूचना, तेलवाहिन्यांचे रक्षण, लोहमार्गांवरील देखरेख, भूकंपाची नोंद अशी अनेक आश्वासने दिली जातात. या आश्वासनांमागे प्रतिमाने असतात. तंतूवर अमुक कंपन आले असता प्रकाशात तमुक बदल होईल, असे सांगणारी ही गणिती मांडणी होय. प्रस्तुत लेखात या प्रतिमानांचे परीक्षण केले आहे. चिरनेर येथे केलेल्या प्रयोगाचे हे वृत्त नव्हे. डोंगर, भातखाचरे, खारजमीन, दगडखाणी आणि वनहक्काचा इतिहास असे सर्व घटक जेथे जवळजवळ आढळतात, अशी कसोटीची भूमी म्हणून चिरनेरचा विचार केला आहे. या प्रतिमानांनी काचेच्या आतील घटना उत्तम रीतीने सोडविल्या असल्या, तरी काचेबाहेरची माती आणि मातीवरचा माणूस त्यांनी बव्हंशी गृहीत धरला आहे, आणि समाजाच्या दृष्टीने निर्णायक चुका नेमक्या तेथेच संभवतात, असे येथे प्रतिपादन केले आहे.

२. विषयाची पार्श्वभूमी

ध्वनी आणि प्रकाश यांची सांगड घालण्याची कल्पना जुनी आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८० मध्ये सूर्यप्रकाशाच्या झोतावरून आवाज पाठविणारे फोटोफोन हे उपकरण दाखविले होते. पुढे नरिंदरसिंह कपानी यांच्या संशोधनाने व लेखनाने तंतुप्रकाशिकी ही संज्ञा रूढ झाली. चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये काच पुरेशी शुद्ध केल्यास तंतूतून दूरवर संदेश पाठविता येईल, हे दाखवून दिले, आणि १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तसा तंतू घडविला.

तंतूला संवेदक म्हणून वापरण्याचा प्रयत्न याच दशकात सुरू झाला. १९७७ मध्ये अमेरिकेत बुकारो आणि त्यांचे सहकारी, तसेच कोल आणि त्यांचे सहकारी यांनी पाण्यातील ध्वनी प्रकाशतंतूने टिपल्याचे प्रसिद्ध केले. त्या काळची पद्धत व्यतिकरणाची होती. एकाच लेझर झोताचे दोन भाग करून एक ध्वनीच्या सान्निध्यातील तंतूतून व दुसरा त्यापासून दूर ठेवलेल्या तंतूतून नेला जाई. दोन्ही झोत पुन्हा एकत्र आणले असता त्यांच्या कलेतील फरकावरून ध्वनी ओळखता येई. कला म्हणजे तरंग आपल्या आवर्तनात कोणत्या टप्प्यावर आहे ती स्थिती.

१९९३ मध्ये टेलर आणि ली यांना अमेरिकेत मिळालेल्या एकस्वाने या विषयाला नवे वळण दिले. त्यांच्या पद्धतीत दुसऱ्या तंतूची गरज उरली नाही. काच गोठताना तिच्या घनतेत राहून गेलेल्या अतिसूक्ष्म चढउतारांमुळे तंतूतील प्रकाशाचा अत्यल्प अंश प्रत्येक बिंदूपासून मागे विखुरला जातो. यालाच रॅले विकिरण म्हणतात. तंतूत लेझरचे आखूड स्पंद सोडून मागे येणारा हा प्रकाश वेळेनुसार मोजला, की तो कोणत्या अंतरावरून आला हे समजते. दोन ठिकाणांहून आलेल्या प्रकाशातील कलेचा फरक बदलला, तर त्या दोन ठिकाणांमधला तंतू किंचित ताणला किंवा आकुंचन पावला, असा अर्थ होतो. अशा रीतीने अनेक किलोमीटरचा तंतू हजारो संवेदकांची रांग बनतो. ‘डिस्ट्रिब्युटेड अकूस्टिक सेन्सिंग’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत आज भूकंपशास्त्रापासून तेलविहिरींपर्यंत वापरात आहे. भारतात तेलवाहिन्यांजवळील खोदकामाची चाहूल घेण्यासाठी, तसेच ईशान्य सीमांत रेल्वेवर लोहमार्गाकडे येणाऱ्या हत्तींची पावले ओळखण्यासाठी तिचा उपयोग झाला आहे.

३. प्रतिमानाचा पहिला स्तर : काच

या विषयावरील प्रतिमानांचे तीन स्तर करता येतात. पहिला स्तर काचेतील प्रकाशाचा, दुसरा काच, आवरण व माती यांच्यातील जोडाचा आणि तिसरा मिळालेल्या संकेताला अर्थ देण्याचा.

पहिल्या स्तरावरील यश निर्विवाद आहे. तंतूची लांबी वाढली की प्रकाशाचा मार्ग वाढतो, परंतु त्याच वेळी ताणामुळे काचेचा अपवर्तनांक किंचित घटतो. त्यामुळे कलेतील प्रत्यक्ष बदल केवळ लांबीवरून काढलेल्या बदलाच्या सुमारे ७८ टक्के असतो. १५५० नॅनोमीटर तरंगलांबी, १.४६८ हा अपवर्तनांक आणि १० मीटरची मापलांबी घेतली, तर एक नॅनो-विकृतीमुळे कलेत सुमारे ०.०९ रेडियन इतका बदल होतो. एक नॅनो-विकृती म्हणजे एक किलोमीटर लांबीत एक मायक्रोमीटरचा फरक. एवढा सूक्ष्म बदल मोजता येतो, हे या शाखेचे खरे वैभव आहे.

मर्यादाही याच स्तरावर नेमकेपणाने सांगता येतात. तंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो. ४० किलोमीटरच्या तंतूत स्पंद जाऊन परत येण्यास सुमारे ४०० मायक्रोसेकंद लागतात. मागील स्पंदाचा प्रकाश परत येण्यापूर्वी पुढचा सोडता येत नाही, म्हणून सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे २५०० स्पंद सोडता येतात, आणि त्याच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचीच कंपने विश्वासाने ओळखता येतात. तंतू जितका लांब, तितके त्याचे ऐकणे मंद.

हे गणित पूर्ण आहे, सुबक आहे आणि प्रयोगशाळेत पडताळता येते. म्हणूनच बहुतेक प्रतिमाने याच स्तरावर अधिक रेंगाळतात. प्रतिमानाची अचूकता म्हणून जे आकडे दिले जातात, ते पुष्कळदा केवळ या स्तराचे असतात. वाचक मात्र ती अचूकता संपूर्ण यंत्रणेची समजतो.

४. दुसरा स्तर : आवरण आणि माती

या ठिकाणी एका जुन्या भारतीय संशोधनाची आठवण उपयोगी ठरते. तार ज्या बिंदूपाशी छेडली जाते त्या बिंदूपाशी ज्यांचा निस्पंद येतो ते संनादी स्वर उमटू नयेत, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आहे. तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, असे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले. त्याचे कारण तारेत नव्हते. ते घोडीच्या रुंद, किंचित वक्र पृष्ठभागात होते. तारेचे गणित बिनचूक होते, पण ते गणित तार दोन टोकांना टोकदार आधारांवर टेकली आहे असे धरून चालत होते. तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्या कारागिराला सुरांचे रहस्य घोडीवर असते हे अनुभवाने ठाऊक असते. शास्त्राने त्याची दखल घेतली ती सीमास्थितीकडे लक्ष दिल्यावर.

प्रकाशतंतूच्या बाबतीत घोडीची जागा आवरण आणि माती घेतात. हे सत्य या शाखेला अपरिचित होते असे नाही. बुडियान्स्की, ड्रकर, किनो आणि राइस यांनी १९७९ मध्येच पाण्याखालील तंतूच्या दाबसंवेदनशीलतेचे विश्लेषण करताना काचेवरील बहुवारिकाच्या थराचा विचार केला होता. उघडी काच ध्वनीच्या दाबाने फारच थोडी बदलते. मऊ आवरण स्वतः दबताना तंतूला लांबीच्या दिशेने ओढते आणि संवेदनशीलता कितीतरी पटींनी वाढविते. अशा तंतूत ऐकण्याचे काम बऱ्याच अंशी आवरण करते आणि काच त्याची नोंद घेते. पाण्याखालच्या संवेदकांसाठी मान्य झालेली ही गोष्ट जमिनीत पुरलेल्या केबलच्या बाबतीत मात्र वारंवार विसरली जाते.

दूरसंचारासाठी बनविलेल्या केबलचा हेतूच मुळी वेगळा असतो. तंतूवर ताण येऊ नये म्हणून तो सैल नळीत, जेलमध्ये तरंगता व किंचित अधिक लांबीचा ठेवतात. ही केबल पुन्हा पॉलिथिलीनच्या दुसऱ्या नळीत ओढून बसविली जाते. म्हणजे उत्पादकाने जितके चांगले काम केले असेल, तितका तंतू जमिनीपासून अलिप्त राहतो. संदेशवाहक केबलचा गुण हाच संवेदकाचा दोष ठरतो. अशा केबलचा संवेदक म्हणून पुनर्वापर करण्याची कल्पना काटकसरीची व आकर्षक आहे, आणि काही देशांत तिने भूकंपतरंगांची उत्तम नोंद करूनही दाखविली आहे. परंतु ‘जमिनीतील विकृती संपूर्णपणे तंतूपर्यंत पोहोचते’ हे गृहीतक प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक ऋतूत खरे मानता येत नाही. ज्या प्रतिमानात जोडाचा गुणांक १ धरलेला असतो, त्याने एका भौतिक प्रश्नाचे उत्तर न शोधता तो प्रश्नच काढून टाकलेला असतो.

५. चिरनेरची जमीन : एक केबल, अनेक संवेदक

अक्कादेवीच्या उतारापासून गावाच्या भातखाचरांतून खाडीच्या दिशेने खारजमिनीपर्यंत जाणारी एक केबल कल्पावी. डोंगरात काळा कातळ व त्यावर मुरूम, सखल भागात चिकण मातीची खाचरे आणि पुढे भरतीच्या पाण्याने भिजणारा गाळ, असा हा क्रम कोकणच्या किनारपट्टीला परिचित आहे.

मापलांबीचा परिणाम येथे पाहण्यासारखा आहे. केबलच्या दिशेने जाणाऱ्या तरंगाची तरंगलांबी मापलांबीएवढीच झाली, तर त्या लांबीतील ताण आणि आकुंचन परस्परांना पुसून टाकतात आणि संवेदक त्या वारंवारतेला पूर्णपणे बहिरा होतो. १० मीटर मापलांबीच्या तंतूसाठी ही बहिरी वारंवारता तरंगाच्या वेगावर अवलंबून असते. घट्ट कातळात वेग सेकंदाला ५००० मीटर धरला, तर ती ५०० हर्ट्झ येते. मुरमात ३०० मीटर धरला, तर ३० हर्ट्झ. ओल्या मऊ गाळात १०० मीटर धरला, तर अवघी १० हर्ट्झ. माणसाच्या पावलांची व अवजड वाहनांची जमिनीतील कंपने साधारणतः याच काही दहा हर्ट्झच्या पट्ट्यात असतात. म्हणजे डोंगरावर नीट ऐकणारे यंत्र खारजमिनीत त्याच आवाजाला अंशतः बहिरे असू शकते. यंत्र बदललेले नसते, लेझर तोच असतो, फक्त जमीन वेगळी असते. शिवाय तंतू प्रामुख्याने आपल्या लांबीच्या दिशेची विकृती मोजतो. त्याला काटकोनात येणाऱ्या अनुतरंगांना तो जवळजवळ दाद देत नाही. केबलचा मार्ग रस्त्याच्या वा वाहिनीच्या सोयीने ठरतो, कंपनांच्या सोयीने नव्हे, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते.

दुसरा प्रश्न ऋतूंचा. वैशाखात खाचरांना भेगा पडतात, केबलभोवतीची माती आक्रसते आणि जोड सैल होतो. आषाढात तीच माती चिखल होते. तरंगवेग, ऊर्जेचे शोषण आणि केबलवरील मातीची पकड हे तिन्ही घटक बदलतात. कोरड्या महिन्यांत जुळविलेले प्रतिमान पावसाळ्यात लागू पडेल असे मानण्यास आधार नाही. दरडीच्या संदर्भात तर हा प्रश्न जीवनमरणाचा आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण, २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या वस्त्या दरडींखाली गेल्या. तिन्ही घटना जुलैच्या मुसळधार पावसातील आहेत. ज्या रात्री इशाऱ्याची गरज असते, त्याच रात्री पावसाच्या थेंबांचा, ओढ्यांचा आणि वाऱ्याने हलणाऱ्या झाडांच्या मुळांचा गोंगाट सर्वाधिक असतो, आणि मातीचे गुणधर्म प्रतिमानातील आकड्यांपासून सर्वाधिक दूर गेलेले असतात. त्यातच दरडीपूर्वीची सरक अतिशय संथ असते. तंतूच्या तापमानात एका अंशाचा बदल झाला, तरी तो सुमारे आठ ते दहा मायक्रो-विकृतीसारखा भासतो. संथ सरक आणि पहिल्या पावसाने थंड झालेली जमीन यांतील फरक ओळखण्यासाठी स्वतंत्र तापमानमापन लागते. कोरड्या जमिनीवरील हातोड्याच्या ठोक्यांनी पडताळलेल्या प्रतिमानाच्या बळावर दरडीच्या पूर्वसूचनेचे आश्वासन देणे म्हणूनच अकाली ठरते.

६. सुरुंगाचे कंपन : कमाल मर्यादेचा प्रश्न

उरण-पनवेल परिसरात दगडखाणी मोठ्या प्रमाणावर आहेत. विमानतळासाठी उलवे टेकडी सपाट करतानाही सुरुंगांचा वापर झाला. सुरुंगाने घराला तडे गेल्याची तक्रार आणि कंपन मर्यादेतच होते हे खाणीचे उत्तर, हा वाद दगडखाणींच्या प्रदेशात नेहमीचा आहे. जमिनीत तंतू असेल तर त्याची नोंद या वादात पुरावा ठरू शकेल काय, हा प्रश्न म्हणून रास्त ठरतो.

खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या साध्या घरांसाठी कंपनाची मर्यादा जमिनीच्या कणांच्या कमाल वेगात दिलेली आहे. वारंवारता ८ हर्ट्झपेक्षा कमी असल्यास सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झसाठी १० मिलिमीटर व त्यापुढे १५ मिलिमीटर, अशी ती आहे. तंतू मात्र कणांचा वेग मोजत नाही, विकृती मोजतो. एकातून दुसरे काढण्यासाठी कणांच्या वेगाला तरंगाच्या वेगाने भागावे लागते. सेकंदाला ५ मिलिमीटर या कणवेगाशी संबंधित विकृती तरंगवेग ३०० मीटर असल्यास सुमारे १७ मायक्रो-विकृती येते, आणि ३००० मीटर असल्यास सुमारे १.७. म्हणजे तंतूवरील एकाच नोंदीवरून, जमिनीबद्दल काय गृहीत धरले त्यानुसार, कंपन मर्यादेच्या आत होते किंवा मर्यादेच्या दहापट होते, असे दोन्ही निष्कर्ष काढता येतात. अशा वेळी तरंगवेगाचा आकडा कोणी निवडला, हा प्रश्न तांत्रिक राहत नाही.

याहूनही मूलभूत अडचण आहे. कलेचा मागोवा अखंड राहण्यासाठी दोन लागोपाठच्या स्पंदांमधील बदल साधारण ३.१४ रेडियनपेक्षा कमी असावा लागतो. १० मीटर मापलांबी आणि सेकंदाला २००० स्पंद धरले, तर ८ हर्ट्झच्या १.७ मायक्रो-विकृतीच्या कंपनात हा बदल कमाल क्षणी सुमारे ४ रेडियन होतो, आणि १७ मायक्रो-विकृतीसाठी सुमारे ४० रेडियन. दोन्ही बाबतींत मागोवा तुटतो. जोड अपुरा असेल तर नोंद तुटणार नाही, परंतु मग ती जमिनीची खरी नोंदही नसेल. तात्पर्य, नॅनो-विकृती टिपणारे हे यंत्र नियमाने ठरविलेल्या मर्यादेपाशी पोहोचण्यापूर्वीच गोंधळते. मापलांबी कमी करून वा स्पंदांचा वेग वाढवून, अर्थात तंतू आखूड ठेवून, यावर उपाय करता येतो. परंतु त्यासाठी प्रतिमानाने कमाल मर्यादा सांगितलेली असावी लागते. किमान किती ओळखता येते हे जितक्या अभिमानाने सांगितले जाते, तितक्या स्पष्टपणे कमाल किती मोजता येते हे क्वचितच सांगितले जाते. ज्याच्या घराला तडा गेला आहे, त्याला पहिल्या आकड्याचा काही उपयोग नाही.

७. तिसरा स्तर : संकेताचा अर्थ

४० किलोमीटरचा तंतू १० मीटरच्या अंतराने वाचला, तर ४००० वाहिन्या मिळतात. प्रत्येकी सेकंदाला २००० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला चार बाइट धरल्यास दिवसाला सुमारे पावणेतीन टेराबाइट माहिती जमा होते. ती माणसाने वाचणे अशक्य असल्याने संगणकाला उदाहरणांवरून शिकवून ‘वाहन’, ‘खोदकाम’, ‘पाऊल’, ‘प्राणी’ असे वर्ग ओळखायला लावतात. अशा वर्गीकरणाच्या अचूकतेची टक्केवारी शंभराच्या जवळ गेली की प्रतिमान यशस्वी मानण्याचा प्रघात आहे. या टक्केवारीचा अर्थ साध्या हिशेबाने तपासता येतो. ४००० वाहिन्यांवर दर मिनिटाला एक निर्णय घेतला, तर दिवसाला ५७ लाख ६० हजार निर्णय होतात. एक लाखात एकच निर्णय चुकीचा इशारा देत असेल, तरीही दिवसाला सुमारे ५८ खोटे इशारे येतील. दुसऱ्या आठवड्यानंतर अशा इशाऱ्यांकडे कोण लक्ष देईल, हे सांगण्यास प्रतिमानाची गरज नाही.

खोट्या इशाऱ्यापेक्षा गंभीर प्रश्न खऱ्या इशाऱ्याच्या नावाचा आहे. टेलर आणि ली यांच्या एकस्वाच्या शीर्षकातच ‘घुसखोरी’ हा शब्द आहे. तंतूला फक्त पावलाचे कंपन कळते. ते पाऊल घुसखोराचे आहे, हे तंतू सांगत नाही. ते आधी ठरविलेले असते. चिरनेरच्या संदर्भात या भेदाला इतिहासाचे वजन आहे. १९३० मध्ये येथील आगरी, कोळी, कातकरी व अन्य गावकरी जंगलात शिरले, ते जंगलावरील आपला हक्क सांगण्यासाठी. १९२७ च्या वन कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हा होता, आणि आज त्याच घटनेचे स्मारक उभे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींचे गौण वनोपज गोळा करण्यासारखे हक्क मान्य केले आहेत. जंगलाच्या सीमेवर पुरलेल्या तंतूवर मोळी घेऊन येणाऱ्या कातकरी स्त्रीची पावले आणि चोरटी तोड करणाऱ्याची पावले यांत भौतिक फरक असेलच असे नाही. फरक कायद्याचा आहे, आणि कायदा बदलू शकतो. संगणकाला शिकविलेल्या उदाहरणांत जर प्रत्येक पावलाला ‘घुसखोरी’ हे एकच नाव दिले असेल, तर १९२७ ची दृष्टी यंत्रात कायम होईल आणि २००६ ची दृष्टी त्यात येणारच नाही.

तंतूने मानवी संभाषणाची कंपने टिपता येतात, हेही प्रयोगशाळांत दाखविले गेले आहे. जमिनीखालच्या केबलच्या बाबतीत ती शक्यता आज दूरची वाटली, तरी घरापर्यंत आलेल्या तंतूच्या बाबतीत तिचा विचार आवश्यक आहे. २०२३ मध्ये देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. ज्याला कॅमेरा नाही, माइक नाही, आणि जो गावाच्या नकाशावर फक्त इंटरनेटची केबल म्हणून दिसतो, अशा संवेदकाची माहिती गावकऱ्यांना कोणी व केव्हा द्यावी, हा प्रश्न संवेदक बसविण्यापूर्वीच सुटला पाहिजे.

८. प्रतिपक्षाचा विचार

वरील चिकित्सेवर असा आक्षेप संभवतो की प्रतिमान हे सरलीकरणच असते. मातीचा प्रत्येक कण त्यात आणू गेल्यास प्रतिमान उरणार नाही. हा आक्षेप योग्य आहे. येथे आक्षेप सरलीकरणावर नसून ते न सांगण्यावर आहे. जोडाचा गुणांक १ धरणे क्षम्य आहे. तो ०.१ असल्यास निष्कर्ष कसा बदलेल, हे न दाखविणे क्षम्य नाही. दुसरा आक्षेप असा की यंत्राला भरपूर उदाहरणे दिली, तर ते मातीचे गुणधर्म आपोआप शिकेल. परंतु दरडीची उदाहरणे भरपूर मिळत नाहीत, आणि मिळावीत अशी इच्छाही कोणी करणार नाही. जेथे उदाहरणे विरळ असतात, तेथे भौतिक प्रतिमानाचाच आधार घ्यावा लागतो. त्यामुळे दुसऱ्या स्तराचे काम टाळता येत नाही.

हे काम खर्चिक असलेच पाहिजे असेही नाही. या परिसरात ज्ञात वेळेची व ज्ञात जागेची कंपने रोज निर्माण होतात. उरणच्या लोहमार्गावरील गाड्या वेळापत्रकाने धावतात आणि खाणींतील सुरुंगांची वेळ नोंदलेली असते. अशा स्रोतांच्या आधारे केबलचा जोड आणि जमिनीतील तरंगवेग वर्षभर, महिन्यामहिन्याला तपासता येईल. सोबत चार-सहा भूध्वनिग्राहक ठेवल्यास कणवेगाची स्वतंत्र नोंदही मिळेल. महाविद्यालयांतील पदार्थविज्ञान, भूगोल आणि समाजशास्त्र या विभागांना एकत्र येऊन करता येईल असा हा उपक्रम आहे. कोरड्या जमिनीची नोंद ज्येष्ठात आणि भिजलेल्या जमिनीची श्रावणात, एवढी साधी तुलनाही या विषयाच्या साहित्यात मोलाची भर घालील.

९. समारोप

प्रकाशतंतू संवेदकांचे प्रतिमानीकरण ही आधुनिक भौतिकशास्त्राची लक्षणीय कामगिरी आहे, यात संशय नाही. मात्र या प्रतिमानांचे मूल्यमापन करताना चार बाबींची अपेक्षा ठेवणे इष्ट ठरेल. पहिली, जोडाचा गुणांक गृहीत न धरता त्याची संभाव्य मर्यादा आणि निष्कर्षावरील परिणाम सांगावा. दुसरी, पडताळणी कोणत्या जमिनीत व कोणत्या ऋतूत केली ते नमूद करावे. तिसरी, किमान संवेदनशीलतेबरोबर कमाल मोजमापाची मर्यादाही द्यावी. चौथी, वर्गीकरणात वापरलेली नावे कोणी व कशाच्या आधारे ठरविली हे उघड करावे, आणि अचूकता टक्केवारीऐवजी दिवसाला येणाऱ्या खोट्या इशाऱ्यांत सांगावी.

या चार अपेक्षा पूर्ण करणारे प्रतिमान कदाचित कमी दिमाखदार दिसेल. त्यातील आकड्यांना मोठ्या त्रुटिमर्यादा असतील, आणि काही ऋतूंसाठी ‘उत्तर देता येत नाही’ असे त्याला लिहावे लागेल. परंतु डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या कुटुंबाला रात्री घर सोडायला सांगायचे असेल, सुरुंगाने घराला तडा गेलेल्या शेतकऱ्याच्या तक्रारीचा निवाडा करायचा असेल, किंवा जंगलवाटेने चाललेल्या पावलांना नाव द्यायचे असेल, तर असेच प्रतिमान विश्वासास पात्र ठरेल.